आधी पडूक शिकवतत

बाजारपेठेतून बंदराकडे जाताना आंब्याच्या पेट्यांचं एक जुनं गोदाम लागतं. त्याच्या जांभ्याच्या तीन पायऱ्या म्हणजे आमचा कट्टा. बारा-पंधरा वर्षं भाडं न देता वापरतोय. त्यामुळे परवा शटरवर ‘ज्युडो व व्यायाम वर्ग, सर्वांसाठी खुला’ असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं दिसलं, तेव्हा पहिला राग आला तो जागा जाणार याचा. बाकीचे मुद्दे आम्हाला नंतर सुचले.

गोदाम घेतलंय नर्सबाईंच्या मुलीने. मुंबईत नोकरी करता करता ब्लॅक बेल्ट झाली, आता गावी परतली.

तोंड आधी उघडलं आबांनी. आबा म्हणजे एके काळचे कबड्डीचे चढाईबहाद्दर, सध्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

“सगळ्यांसाठी म्हणजे कोणासाठीच नाय. आमच्या टायमाक तालमीत पयल्या दिवशी दोनशे बैठका. दुसऱ्या दिवशी इलो तो आपलो. नाय इलो तेका बोलवूक कोण जाय नसे.”

“म्हणानच तुमच्या तालमीत आता सरपण ठेवतत,” रिक्षावाला बाबू म्हणाला.

मास्तरांनी चष्मा पुसला. म्हणजे आता माहिती येणार. “ज्युडो ज्याने काढलं तो जिगोरो कानो अंगाने बारीक होता. शाळेत दांडगट पोरं त्रास द्यायची म्हणून जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झुंजविद्या, शिकला. १८८२ साली टोकियोत एका देवळाच्या आवारात त्याने कोडोकान ही ज्युडोची पहिली शाळा सुरू केली. जागा बारा चटयांची, विद्यार्थी नऊ. पेशाने तो शिक्षक होता.” ‘शिक्षक’वर नको तेवढा जोर पडला. “त्याने दोन गोष्टी सांगितल्या. ताकद नेमकी वापरायची, आणि आपल्याबरोबर समोरच्याचंही भलं व्हायला हवं.”

“समोरच्याक आपटून तेचा भला कसा काय?” बाबूचा प्रश्न रास्त होता.

याचं उत्तर मी देऊ शकत होतो, कारण आदल्या संध्याकाळी शटर अर्धं उघडं असताना मी वाकून बघितलं होतं. चार पोरं होती आणि तासभर ती फक्त पडत होती. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, जमिनीला लागता लागता हाताने मॅटवर सपकन थाप मारायची. मागे पडायचं, कुशीवर पडायचं, पुन्हा उठायचं. पाडणं त्यानंतरचं. आणि पाडतानाही पाडणाऱ्याने समोरच्याची बाही सोडायची नाही. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. नर्सबाईंची पोरगी ओरडत होती तीही यावरूनच. “बाही सोडलीस का? मग तू पाडलं नाहीस, टाकून दिलंस!”

आबा गप्प झाले. थोडा वेळच.

मला मात्र आमची आजी आठवली. श्रावणात मागीलदारच्या पायरीवर शेवाळ धरलेलं, हातात तांब्या, आणि पाय सरकला. खुबा मोडला तो मोडलाच, पुढची चार वर्षं खाटेवर. आमच्याकडे घरटी अशी एक म्हातारी असते. जांभा, पाऊस आणि घाई एकत्र आली की झालं. मी हे बोललो तसे मास्तर लगेच म्हणाले की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा नंबर. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं तीच संघटना सांगते.

“म्हणजे आता माका या वयात ता चेडू उचलून आपटतला?” आबा.

नाही आपटणार. हेही मी विचारून घेतलं होतं (हो, वाकून बघताना पकडला गेलो होतो). साठीच्या पुढच्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं, गुडघ्यांवरून हळूच कुशीवर कलंडायचं आणि जमिनीवरून एकट्याने उठायचं. तेही डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर. जमिनीवरून एकट्याने उठणं सोपं वाटत असेल तर घरी करून बघा. मी केलं. पलंगाचा पाय धरावा लागला.

बाबूला खरी काळजी होती भाच्याची. पोरगा चौदा वर्षांचा, डोळ्यांना जेमतेम दिसतं. शाळेत खेळाच्या तासाला त्याला दप्तरं राखायला बसवतात. “तेका घेतलो तर तेचा काय करतली? टाळये वाजवूक बसयतली?”

इथे मास्तरांची माहिती प्रथमच कामाला आली. अंधांच्या ज्युडोत कुस्ती सुरू होतानाच दोघांनी एकमेकांचा अंगरखा धरलेला असतो. शोधाशोध नाही, चकवाचकवी नाही. पकड बसली की पुढचं सगळं हातांना कळतं. समोरच्याचा तोल कुठे गेला ते डोळ्यांआधी बाहीच सांगते. १९८८ पासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. २०२४ मध्ये पॅरिसला मध्य प्रदेशच्या कपिल परमारने त्यात कांस्य मिळवलं, भारताचं ज्युडोतलं पहिलं पॅरालिंपिक पदक. लहानपणी पाण्याच्या पंपाचा शॉक बसून त्याची नजर गेली होती.

बाबूने मोबाईल काढून नाव लिहून घेतलं. स्पेलिंग मलाच सांगावं लागलं.

मग आबांनी जे काढलं, ते मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही.

“रापण, म्हणजे ता मोठा जाळा, सगळे मिळान किनाऱ्याक ओढतत तेव्हा काय होता? बारकी पोरां दोरयेच्या शेवटाक लोंबाकळतत. तेंका शेवटाक दोन बांगडे मिळतत. दोन बांगडे, वाटो नाय! वाटो ज्येचा जाळा आणि ज्येचो घाम तेका. तुमच्या ह्या सर्वांसाठी खुल्यात लोकांका दोन बांगडे देतलात आणि फोटो काढतलात. जो खरोखर ओढूक इलोहा, तेची मात्र कुचंबणा.”

पायऱ्यांवर शांतता पसरली. दया म्हणून आत घेणं आणि वाटेकरी म्हणून घेणं, यातला फरक म्हाताऱ्याने अचूक धरला होता. मी एवढंच म्हटलं की मग त्या पोरांना दोरीच्या मधल्या भागात घ्यावं, शेवटाला कशाला ठेवायचं. आबा म्हणाले, “घे. तुका कोणी अडवल्यान?”

मास्तर तेवढ्यात अमेरिकेला पोचले होते. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत संघातला एक गडी जखमी झाला. त्याच्या जागी रस्टी कानोकोगी ही बाई केस कापून, छाती बांधून उतरली आणि जिंकली. नंतर विचारलं तेव्हा तिने बाई असल्याचं कबूल केलं, तर पदक काढून घेतलं. तिने मग १९८० साली न्यूयॉर्कलाच बायकांची पहिली जागतिक स्पर्धा भरवली, आणि १९९२ला बार्सिलोनात बायकांचं ज्युडो अधिकृतपणे ऑलिंपिकमध्ये आलं.

“ह्या काय तरी भारी,” पिग्मीवाला म्हणाला. तो कट्ट्यावर असतो पण बोलत नाही, मनात हिशोब चाललेले असतात. “पण फी किती?”

फीचा विषय निघाला आणि नेमकी तेव्हाच म्हावऱ्याची रिकामी पाटी काखेत मारून काकी थांबली. घरी जाताना ती रोज आम्हाला दोन शिव्या देऊन जाते. आज शटर वाचत उभी राहिली.

“सर्वांसाठी खुला,” तिने मोठ्याने वाचलं. “टायम काय लिवल्यानी? संध्याकाळी सा ते आठ. मगे माझ्यासाठी खय खुला? तेव्हा माझो लिलाव असता. लिलाव सोडून उड्ये मारूक येव?”

“तुका कित्याक व्हया गे, काकी?” आबा हसले.

“पाटी उचलून उचलून कंबर गेली माझी. आणि तुम्ही हयसर बसून माझ्यासाठी ठरवतास. ह्या पायऱ्येर कधी एक तरी बायलमाणूस बसलेला बघितलास?”

बारा-पंधरा वर्षं. नाही बघितलेलं. मी उगीच पायरीवरून थोडा सरकलो, जागा केल्यासारखा. ती अर्थातच बसली नाही.

फीचं मात्र तिनेच सोडवलं. महिन्याचे एकदम द्यायला तिच्याकडे नसतात, रोजचे दहा-वीस सुटतात. “ह्येच्याकडे पिग्मी भरतंय तसा भरीन. जून-जुलैत बोटी वर ओढल्यो काय नाय भरूचंय, पन तेव्हा रोज येयन.” पिग्मीवाल्याने वही काढली, एवढंच सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. म्हणजे या गावाकडे सगळ्यात जास्त वेळ असतो तो नेमका गोदामाचं छप्पर गळायच्या दिवसांत. दमट हवेत मॅटला बुरशी धरणार, रोज पुसून उभ्या करून वाळवाव्या लागणार. ते काम कोण करणार यावर कोणीच बोललं नाही.

जाता जाता आबांनी एक काडी टाकलीच, की आत मारुतीरायाचा फोटो हवा, तालीम आहे. बाबूच्या शेजारच्या घरातली दोन मुसलमान पोरं आणि मेढ्यातला एक ख्रिस्ती पोरगा नाव घालणार होते, म्हणून बाबू चिडला. मास्तर म्हणाले, ज्युडोत मॅटला नमस्कार करतात आणि जोडीदाराला. आबा म्हणाले, मॅटला चालतो आणि मारुतीला नाही? भांडण चांगलं पेटलं होतं. माझं स्पष्ट मत, फोटो आबांच्या घरी आहे तिथे उत्तम आहे. त्यांना ते पटलेलं नाही.

एवढ्यात पोरगी आली, हातात रंगाचा डबा आणि ब्रश. आमच्या एवढ्या चर्चेतलं तिने काय ऐकलं कोण जाणे. आम्हाला ओलांडून वर गेली, शटरवरच्या ‘सायं. ६ ते ८’वर एक जाड पट्टा मारला आणि वळून विचारलं,

“काकी, तुमचो लिलाव संपता किती वाजता?”

काकीने पाटी दुसऱ्या काखेत घेतली.

“ता माका काय विचारतंस? दर्याक विचार.”