खुलासा : जपानी घरातलं ‘एकच पाणी’

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘जपानात अख्खं घर एकाच टबातल्या घाण पाण्यात आंघोळ करतं.’ पाणी एकच, हे बऱ्याच घरांत खरं. घाण, हे मात्र चूक.

तिथं टब अंग धुवायला नसतोच. टबाबाहेर फरशीवर छोट्या स्टुलावर बसायचं, साबण लावायचा, स्वच्छ पाण्याने अंग खळखळून धुवायचं. आपल्या न्हाणीत पाटावर बसून तांब्याने घेतो, जवळजवळ तसंच. मगच साधारण ४० अंशाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून शेकत बसायचं. टबात साबण नेणं म्हणजे पिण्याच्या घागरीत हात घालण्यासारखं! मधल्या वेळात टबावर झाकण असतं, पाणी निवलं तर तेच पुन्हा तापवायची सोयही अनेक घरांत असते. उरलेलं पाणी पुष्कळ जण कपडे धुवायला वापरतात.

त्याच मेसेजात ‘संडासही तिथंच’ असंही आहे. उलट, जपानी घरात तो बहुधा वेगळ्या खोलीत, आणि त्याच्या चपलाही वेगळ्या. संडास-बाथरूम एकत्र ही आपल्या नव्या फ्लॅटांची तऱ्हा; जुन्या वाड्यांत संडास परसातच असायचा की.