पुढचा पाय दाखव रे, बाबा!

फिश टँकच्या दुकानात बेडकाची जात विचारली, की उत्तर येतं, ‘आफ्रिकन.’ आडनाव विचारावं आणि समोरच्यानं ‘खान्देशी’ म्हणावं, तसं हे.

कायम पाण्यात राहणारे असे दोन आफ्रिकन बेडूक दुकानांतून मिळतात. ड्वार्फ हा बुटका. वाढून वाढून बोटाच्या दोन पेरांएवढा. दुसरा क्लॉड, म्हणजे नख्यांवाला. त्याची मादी सहज 10-12 सेंमीची होते आणि तोंडात मावेल ते गिळते. पिल्लं असताना मात्र दोघं एकाच मापाचे, एकाच मातकट रंगाचे आणि एकाच काचेत. लेकीला हवा होता ड्वार्फ. घरच्या टँकमध्ये गप्पी मासे. म्हणून ही ओळखपरेड माझ्या गळ्यात पडली.

कागदावर काम सोपं आहे. पुढच्या पायाच्या बोटांमध्ये पडदा असला तर ड्वार्फ, बोटं सुटी असली तर क्लॉड. मागच्या पायांकडे बघून उपयोग नाही. तिथे पडदेही दोघांना आणि काळ्या नख्याही दोघांनाच. पण बेडूक पुढचा पाय दाखवेल तर शपथ! हात छातीशी घेऊन तळाला बसून राहतो. श्वासाला फुप्फुसंच असल्यामुळे मध्येच सुळकन वर येतो, हवेचा घोट घेतो आणि आपण चष्मा पुसेपर्यंत पुन्हा दगडाखाली. जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिशीकडे, दुकानातला पंखा फक्त गल्ल्यावर, आणि मी उकिडवा बसून काचेवर मोबाइलचा टॉर्च मारतोय.

‘काका, घ्यायचाय का पत्रिका जुळवायचीय?’ दुकानातला पोऱ्या.

मग डोळे बघितले. क्लॉडचे डोक्यावर, आभाळाकडे लागलेले. ड्वार्फचे बाजूला, आणि तोंड निमुळतं. क्लॉडच्या कुशीला टाके घातल्यासारख्या बारीक खुणाही असतात, त्यांनी त्याला पाण्यातली हालचाल कळते. मला त्या शेवाळलेल्या काचेतून सगळ्यांच्याच अंगावर टाके दिसायला लागले. तेवढ्यात मालकांनी एक पांढराशुभ्र काढला, ‘हा ड्वार्फमधला स्पेशल!’ इथे मात्र मला टॉर्च लागला नाही. बाजारातला पांढरा बहुधा क्लॉडच असतो.

तसा क्लॉड मानाचा प्राणी. 1930च्या दशकापासून पुढे बरीच वर्षं दवाखान्यांत गर्भचाचणीला तोच असे. बाईची लघवी बेडकीला टोचायची. दिवस गेले असतील तर बेडकी दुसऱ्या दिवसापर्यंत अंडी घालायची. याच जातीवरच्या कामासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांना 2012 साली नोबेल मिळालं. हे मी घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आजलमाय वांगी भाजता भाजता म्हणाली, ‘बेडूकले बाई पोटुशी शे ते समजस, आनि तुले बेडूक समजत नही!’

अखेर एक जण काचेला चिकटला आणि त्यानं पंजा पसरला. पडदा! लगेच दुसराही तसाच सापडला. दोघांना पिशवीत भरून विजयी मुद्रेनं घरी आलो. लेकीनं पिशवी उजेडात धरली आणि विचारलं, ‘बाबा, यातला नर कोणता?’

ड्वार्फ नराला पुढच्या पायामागे, बगलेत, बारीक पांढरट फुगवटा असतो म्हणे. मी टॉर्च चार्जिंगला लावलाय.