संभाषणाचा पुरावा

महाविद्यालयात स्पॅनिश संभाषणाचा वर्ग घेणे म्हणजे ज्यांना मुळात बोलायचेच नाही अशा बत्तीस जणांना, जी भाषा येत नाही त्या भाषेत, सकाळी आठ वाजता बोलते करणे. हे काम मी बरीच वर्षे फळा, खडू आणि थोडा निगरगट्टपणा एवढ्या भांडवलावर चालवले. मी 'के ताल?', म्हणजे 'कसं काय?', असे विचारून गप्प बसत असे आणि ती शांतता असह्य झाली की माझी दया येऊन कोणीतरी तोंड उघडत असे. माझी सगळी अध्यापनपद्धती या अवघडलेपणावर उभी होती. मग वर्गात तंत्रज्ञान आले आणि अवघडलेपण संपले, कारण गप्प बसण्याच्या वेळात बघायला आता प्रत्येकासमोर पडदा होता.

पहिला फटका बसला तो 'ञ'ला. बाराखडीत पाठ केलेले आणि पुढे जन्मात कधी कामी न आलेले हे अक्षर स्पॅनिशमध्ये रोज लागते. तेथे ते डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या 'एन'च्या रूपात भेटते. 1991 साली युरोपीय समुदायाने, या अक्षराची कळ असल्याशिवाय संगणक विकू न देणारे स्पेनचे नियम व्यापारात अडथळा आणतात अशी हरकत घेतली, तेव्हा तेथे केवढा गहजब झाला. अखेर 1993 मध्ये स्पेनच्या सरकारने फर्मान काढून ती कळ वाचवली. एका सरकारने ज्या अक्षरासाठी कंबर कसली, ते उमटवण्यासाठी माझे विद्यार्थी कळ अर्धा सेकंदही दाबून धरत नाहीत. वय सांगताना स्पॅनिश माणूस 'माझ्याजवळ वीस वर्षे आहेत' असे म्हणतो. त्यातली नागमोडी रेघ गाळली की वर्षांच्या जागी शरीराचा असा एक अवयव येतो, जो प्रत्येकाला एकच असतो आणि तेवढा पुरतो. पहिल्याच आठवड्यात बत्तीसपैकी सव्वीस जणांनी आपल्याजवळ ते वीस-वीस असल्याचे मला लेखी कळवले.

नंतर घरून दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून पाठवण्याचा गृहपाठ सुरू झाला. बत्तीस मुद्रणे ऐकताना मला पंख्यांचे, दारावरच्या घंटांचे आणि एका कुत्र्याचे उच्चार उत्तम ओळखू येऊ लागले. ज्यांची मुद्रणे आली नाहीत, त्यांच्यासाठी स्पॅनिश व्याकरणाने आधीच सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे 'से मे बोर्रो'. आपण 'मी पुसले' न म्हणता 'माझ्या हातून पुसले गेले' असे म्हणतो, तशीच ही रचना आहे. तिच्यात गुन्हा घडतो, पण गुन्हेगार सापडत नाही. पाठ्यपुस्तकात हा भाग फार पुढे येतो. माझ्या वर्गाने तो दुसऱ्याच आठवड्यात आत्मसात केला आणि तोही बिनचूक.

एका मुलाचे मुद्रण मात्र निर्दोष होते, आणि तेच त्याला भोवले. कालपर्यंत 'ग्रासियास' म्हणताना अडखळणारा हा गृहस्थ एका रात्रीत जीभ दातांत धरून माद्रिदच्या थाटात 'ग्राथियास' म्हणू लागला होता आणि दोन मिनिटांत त्याने एकदाही श्वास घेतला नव्हता. हे यंत्राचे तोंड आहे हे उघड होते. मी त्याला वर्गात उभे करून रागाने विचारले, "मे एस्तास तोमांदो एल पेलो?" याचा अर्थ 'तू माझी थट्टा करतो आहेस का?' असा होतो; पण शब्दशः पाहिले तर 'पेलो' म्हणजे केस, आणि स्पॅनिश माणूस ज्याची थट्टा करतो त्याचे केस घेतो. मुलाने फोन पुढे धरला, फोनने प्रश्नाचे इमानेइतबारे मराठी केले, मुलाने ते वाचले, एकवार माझ्या टकलाकडे पाहिले आणि अत्यंत आदराने म्हणाला, "नाही सर. माझ्या आधीच कोणीतरी घेतलेत."

या उपकरणांवर माझा खरा राग निराळ्याच कारणासाठी आहे. ती स्पॅनिश शिकवतात, पण इंग्रजीच्या खिडकीतून. 'मे गुस्ता' ही रचना समजावण्यासाठी ती सात चित्रे दाखवतात आणि हे क्रियापद उलटे चालते, घाबरू नका, असा धीर देतात. वास्तविक 'मे गुस्ता' म्हणजे सरळ सरळ 'मला आवडते'. आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण बाजूला 'मला' म्हणून उभे. त्यात उलटे काहीच नाही. तरीही माझे विद्यार्थी ती सात चित्रे निमूटपणे पाहतात, जी अडचण त्यांना कधी नव्हतीच ती आधी अंगी लावून घेतात आणि मग तिच्यावरचा उपाय शिकतात.

सत्राअखेरीच्या तोंडी परीक्षेत प्रत्येक गटाचे संभाषण मुद्रित करून यंत्रणेवर चढवायचे होते. पहिला गट 'माझे कुटुंब' या विषयावर एकमेकांचे पाठांतर ऐकवत असतानाच वीज गेली. पडदा विझला, पंखे थांबले आणि मागून कोणीतरी नकळत म्हणाले, "से फुए ला लूस." मी चमकून वळलो, कारण हे मी शिकवलेले नव्हते. स्पॅनिशमध्येही लाईट 'जाते'; ती स्वतःच उठून जाते, अगदी आपल्यासारखी. त्या मुलीने मराठी वाक्याला स्पॅनिश कपडे चढवले होते आणि ते अंगाला बरोबर बसले होते. मग कोणी विचारले, कुठे गेली? एकाने सांगितले, सरांचा प्रश्न ऐकून पळाली. केव्हा येईल, कोणाला फोन करावा, गेल्या खेपेस किती वेळ गेली होती, यावर सगळा वर्ग चुकतमाकत, हातवारे करत वीस मिनिटे स्पॅनिशमध्ये बोलत राहिला. त्यात क्रियापदांचे हातपाय मोडत होते, पण कोणी थांबत नव्हते. मी अंधारात बसून नुसते ऐकले आणि मनातल्या मनात सर्वांना भरघोस गुण दिले.

ते गुण यंत्रणेने नाकारले. प्रत्येक नावापुढे 'पुरावा जोडलेला नाही' असा लाल शेरा होता. मी कार्यालयात जाऊन सारे सविस्तर सांगितले. तेथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग सर, तेच संभाषण लाईट असताना पुन्हा करून घ्या ना."

ते आम्ही केले. दिवे लखलखीत, मुद्रण सुरू, विषय 'वीज जाणे'. मी 'के ताल?' म्हणालो आणि बत्तीस चेहरे पडद्याकडे पाहत बसले. मुद्रण संपत आले असताना मागच्या बाकावरून उसासा टाकल्यासारखे वाक्य आले: "ओहाला से वाया ला लूस." लाईट जाऊ दे रे देवा. 'ओहाला' हा अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला शब्द. त्यात मूळचा देवाच्या इच्छेचा हवाला आहे आणि तो आला की मागोमाग क्रियापदाला इच्छार्थी रूप घ्यावेच लागते. ते रूप मी सहा आठवडे कंठशोष करून शिकवले होते आणि कोणालाही आलेले नव्हते.

याचा पुरावा जोडलेला आहे. एक मिनिट चौपन्न सेकंदांच्या शांततेनंतर तो स्पष्ट ऐकू येतो.