गाठ त्याची, फाइल आमच्या हाती

2025च्या जूनमध्ये पुण्याहून पुतण्याने मला एका तपासणी अहवालाचे छायाचित्र पाठवले. त्याच अहवालाचे दुसरे छायाचित्र घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. माझ्याकडे आलेल्या छायाचित्रात सर्वांत खाली ‘लिम्फोमाची शक्यता नाकारता येत नाही, संपूर्ण गाठ काढून बायोप्सी करावी’ अशा अर्थाचे वाक्य होते. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. ग्रुपवरच्या छायाचित्रात ते कापलेले होते, कारण त्या ग्रुपवर माझा थोरला भाऊही आहे आणि मानेतली गाठ त्याची होती.

दादा 64 वर्षांचा आहे, त्याने आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर तो कर्वेनगरला राहतो. एप्रिलमध्ये गाठ लक्षात आली तेव्हा सुई घालून पेशी तपासल्या, अहवालात ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे दाहाने जमलेला पेशींचा पुंजका, आला आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत गाठ विरघळण्याऐवजी वाढली, म्हणून दुसऱ्यांदा सुई घातली. ही कापलेली ओळ त्या दुसऱ्या अहवालातली. दादाला मात्र ‘टीबीचीच गाठ आहे, हट्टी आहे, काढून टाकू’ एवढेच सांगण्यात आले. वहिनीने मला फोनवर विचारले, “त्यांना आत्ता सांगायचं का गं?” मी इंग्लंडमधल्या लीड्सहून, साडेचार तासांच्या अंतरावरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, “बायोप्सी होईपर्यंत नको.” हे मी म्हणाले, हे आधीच लिहून ठेवते, पुढचे सगळे त्या उत्तराविषयी आहे.

रुग्णाला सांगावे की सांगू नये, हा आपल्याकडचा जुना वाद आहे आणि सांगू नये म्हणणारी माणसे निष्ठुर नसतात. ‘माणूस धसक्यानेच खचतो’ असे म्हणणाऱ्या काकूंनी स्वतःच्या नवऱ्याला खचताना पाहिलेले असते. शिवाय अजून काहीच ठरलेले नसताना भीती कशाला घालायची, हा मुद्दा तर वरवर अगदी तर्कशुद्ध वाटतो. मलाही तो पटला होता. तो कुठे चुकला ते आषाढी वारीच्या वेळी कळले. शस्त्रक्रियेची तारीख मिळत असताना दादा म्हणाला, “टीबीचीच आहे ना? मग वारीहून आल्यावर बघू.” तो दरवर्षी पुण्यातून पालखीबरोबर निघतो, दिवे घाट चढतो आणि पायी पंढरपूर गाठतो. त्याला कोणत्या शब्दांत अडवायचे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचेना, कारण अडवण्याचे खरे कारण आम्हीच कापून टाकले होते. तो गेला. गाठ घेऊन गेला आणि जवळजवळ तीन आठवड्यांनी परत आला.

परत आल्यावर त्याने मला फोन केला. वारीतल्या चार गोष्टी सांगून झाल्यावर तो म्हणाला, “तो जूनचा रिपोर्ट आहे ना, त्याच्याखाली डॉक्टरांची सही का नाही?” ओळ कापताना सहीही कापली गेली होती. विद्यार्थ्याने शेवटची पायरी गाळून उत्तर लिहिले तर ज्याच्या नजरेतून कधी सुटले नाही, त्याच्या नजरेतून हे तरी कसे सुटावे? मी त्याला ती ओळ वाचून दाखवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “वारीला कदाचित गेलोही असतो. पण जायचं की नाही, ते मी ठरवलं असतं.”

2022मध्ये हाच प्रसंग माझ्यावर आला होता. डाव्या गळपट्टीच्या हाडावर घट्ट, न दुखणारी गाठ लागली. सकाळी आठ वाजता दवाखान्याची फोनलाइन उघडते तेव्हा दोन दिवस प्रयत्न करून मला माझ्या जीपीची, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळाली. कर्करोगाचा संशय असेल तर दोन आठवड्यांत तज्ज्ञाने पाहिलेच पाहिजे, असा तेव्हा नियम होता. 2023मध्ये तो काढून टाकला आणि 28 दिवसांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे रुग्णाला सांगायचे, हेच उद्दिष्ट ठेवले गेले. रक्तविकारतज्ज्ञांनी पहिल्या दहा मिनिटांत माझ्याकडे पाहून सांगितले की हा लिम्फोमा असू शकतो, नसूही शकतो, आणि गाठ काढून पाहिल्याशिवाय ते कोणालाही सांगता येणार नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या परिचारिकेने मला पोस्टकार्डाहून लहान असे एक कार्ड दिले. त्यावर तिचे नाव आणि थेट फोन क्रमांक होता, आणि मागच्या बाजूला तिने पेनाने लिहिले होते: ‘बायोप्सी, मंगळवार. तज्ज्ञांची बैठक, त्यानंतरचा गुरुवार. फोन, शुक्रवारी दुपारी.’ उत्तर तिच्याजवळही नव्हते, पण ते कोणत्या दिवशी, कोणत्या बैठकीत ठरेल आणि कोण कळवेल, एवढे तिने माझ्या हाती ठेवले. माझी गाठ संसर्गाची निघाली. ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे.

म्हणून ‘तिकडे सगळे चांगले’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. कर्करोगाच्या संशयाने पाठवलेल्या रुग्णांपैकी 85 टक्क्यांवर 62 दिवसांच्या आत उपचार सुरू व्हावेत, हे इंग्लंडचे उद्दिष्ट 2015च्या अखेरीपासून देशपातळीवर गाठले गेलेले नाही. पुण्यात दादाची सोनोग्राफी सकाळी झाली आणि अहवाल संध्याकाळी मोबाइलवर आला. माझ्या सोनोग्राफीला 11 दिवस लागले. आणि त्या दिवसांत मी घरात एकटी होते. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी, नवरा कामानिमित्त परदेशी. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मी सांगितले तेव्हा त्यांनी फार सभ्यपणे विषय बदलला. रात्री गाठीवर बोट ठेवून ती मोठी झाली की तेवढीच आहे हे मी तपासत बसे आणि चहा विचारायला घरात कोणी नसे. दादाच्या घरी मात्र अशा दिवसांत सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी होते. शेजारच्या बाई न विचारता डबा आणत, पुतण्याचा मित्र स्कूटरवरून नमुने पोहोचवत होता. ही माणसे मला लीड्समध्ये कोणत्याही यंत्रणेने दिली नसती. 1996मध्ये एडिनबरोत सुरू झालेली ‘मॅगीज’ नावाची केंद्रे तिकडे आहेत, लीड्समध्येही आहे. वेळ न ठरवता दार ढकलून आत जावे, टेबलाशी बसावे, कोणाशी तरी बोलावे, अशी ती जागा आहे. तिथे गेले तेव्हा मला वाटले की आपल्याकडच्या स्वयंपाकघराची उणीव या लोकांनी इमारत बांधून भरून काढली आहे.

मात्र आपल्या स्वयंपाकघरात ज्ञानापेक्षा सल्ले अधिक असतात, आणि लिम्फोमाच्या संशयात चुकीचा सल्ला फार महाग पडतो. संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि उतरणारे वजन ही क्षयाची लक्षणे आहेत आणि लिम्फोमाचीही. आपल्या आजीच्या काळी मानेतल्या गाठींना गंडमाळा म्हणत, काखेत किंवा जांघेत गाठ आली की अवधाण म्हणत, आणि बहुतेक वेळा ते क्षयाचे किंवा साध्या जखमेचे असे. आजही भारतात मानेची गाठ पाहून डॉक्टरांना आधी क्षय आठवणे स्वाभाविक आहे. त्यात दादाच्या डॉक्टरांचा दोष काढावा असे मला वाटत नाही. पण ग्रॅन्युलोमा म्हणजे क्षयच असे नाही, हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीतही ते दिसू शकतात. म्हणून क्षयाचे जंतू खरोखर सापडले का, जीनएक्सपर्ट किंवा कल्चर केले का, हा प्रश्न गोळ्या सुरू होण्याआधी विचारायचा असतो. योग्य औषध चालू असतानाही क्षयाची गाठ कधीकधी आधी वाढते, त्यामुळे नुसत्या वाढीवरून औषध बंद करू नये. पण वाढणारी गाठ पुन्हा तपासायची असते, एवढे नक्की.

सुईने केवळ सुट्या पेशी हाती येतात. लिम्फोमा ओळखायचा तर त्या पेशी गाठीत कशा रचलेल्या आहेत हे पाहावे लागते, आणि ती रचना सुईत येत नाही. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढतात, ते शक्य नसेल तर जाड सुईने तुकडा घेतात. मग त्या ऊतीवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आपल्या लॅबमध्ये सगळे ज्याला आयएचसी म्हणतात ती, पेशींवरची ठरावीक प्रथिने रंगवून ओळखणारी तपासणी होते. लिम्फोमाचे साठांहून अधिक प्रकार आहेत. काहींना त्याच आठवड्यात उपचार लागतात, तर काहींवर वर्षानुवर्षे नुसते लक्ष ठेवले तरी चालते. ‘कॅन्सर आहे का’ या प्रश्नाइतकाच ‘कोणता’ हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे. आणखी एक गोष्ट मी वहिनीला तीनदा सांगितली: सूज उतरावी म्हणून कोणी बायोप्सीच्या आधी स्टेरॉइड सुचवले, तर आधी रक्तविकारतज्ज्ञांना विचारायचे. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते आणि मग तीच गाठ काढून पाहिली तरी उत्तर धूसर येते. गव्हांकुराचा रस घ्यायचा की नाही यावर घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली, या गोष्टीवर दोन मिनिटेही नाही.

घरातल्या वादांप्रमाणेच शहरातल्या वादांचेही आहे. 2025च्याच एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने प्रसूतीसाठी आलेल्या महिलेच्या कुटुंबाकडे मोठी अनामत मागितल्याचा आरोप झाला आणि सगळे शहर ढवळून निघाले. तो संताप योग्यच होता. लिम्फोमाच्या संशयातही पैसा आहेच: आयएचसी, पेट-सीटी यांसारख्या तपासण्या रुग्णालयात दाखल न होता केल्या तर बहुतेक विमा पॉलिसींत आधी खिशातूनच पैसे भरावे लागतात. पण पैशावर आपण जितके बोललो, त्याच्या दहाव्या हिश्शानेही माहिती कोणाला मिळते यावर बोललो नाही.

डॉक्टरांच्या आचारसंहितेची 2002ची नियमावली मी यानिमित्ताने वाचली. आजाराचे गांभीर्य डॉक्टरने वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे तिच्यात आहे, ते उत्तमच आहे. पुढे मात्र असे आहे की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना प्रकृतीची पुरेशी कल्पना असल्याची डॉक्टरने खात्री करावी. त्या ‘किंवा’वर मी बराच वेळ थांबले. आमचे सगळे कुटुंब त्या ‘किंवा’च्या आडोशाला उभे होते. डॉक्टरांनी पुतण्याला केबिनमध्ये बोलावले, दादा बाहेर बाकावर वर्तमानपत्र वाचत बसला, आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्याच नियमावलीत असेही आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास 72 तासांत वैद्यकीय नोंदी दिल्या पाहिजेत. म्हणजे अधिकार देणारा रुग्ण असतो, आमच्या घरात तो आम्ही परस्पर घेतला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की अहवाल आधी ज्याची गाठ त्याच्या हाती पडावा. त्याला नको असेल तर त्याने तसे सांगावे, ‘मला नको, मुलाला सांगा’ म्हणण्याचा हक्कही त्याचाच आहे, आणि तो वापरणारी माणसे मी लीड्समध्येही पाहिली आहेत. पण त्याला विचारायला तर हवे. आणि दुसरे, निदान होण्याआधीच्या त्या आठवड्यांसाठी रुग्णालयाने एक माणूस नेमावा. हे आपल्याला अशक्य नाही. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र बसतात. अशाच एखाद्या प्रशिक्षित परिचारिकेने संशयित रुग्णाला आपले नाव, फोन क्रमांक आणि पुढच्या तीन तारखा लिहून दिल्या, तर त्याला किती यंत्रे लागणार आहेत?

जुलैच्या शेवटी दादाची गाठ काढली. त्यानंतर दुसरे मत घ्यायचे ठरले आणि लॅबमधून मेणाचे दोन ठोकळे मिळाले, ज्यांना सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. अंगठ्याच्या नखाएवढी ऊत मेणात बसवलेली, बाजूला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. पुतण्या ते घेऊन परळला टाटा रुग्णालयात जाणार होता. दादाने ते कापसात गुंडाळून खडू ठेवायच्या जुन्या स्टीलच्या डबीत घातले आणि “माझे आहेत, मी नेतो,” म्हणून सकाळच्या डेक्कन क्वीनने निघाला. पुतण्या सोबत गेला, पण डबी दादाच्याच खिशात होती. जाताना त्याने वहीच्या पानावर प्रश्न लिहून नेले होते. पहिला प्रश्न होता, ‘हा क्षय नाही, हे कशावरून?’ आणि त्याखाली त्याने उत्तरासाठी पाच ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.

अहवाल आला त्या दिवशी फोन त्याचाच आला. लीड्सला सकाळचे सात वाजले होते. “हॉजकिन आहे,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, याला चांगला उपचार आहे, माझ्या वयाला जरा जपून द्यावा लागेल. तू कागद घे, मी वाचतो.” मग त्याने वर्गात श्रुतलेखन घालावे तशा आवाजात सगळा अहवाल वाचला, सीडी 30 पॉझिटिव्ह, सीडी 15 पॉझिटिव्ह, एकेक ओळ, मी लिहून घेईपर्यंत थांबत, आणि शेवटी सही करणाऱ्या डॉक्टरांचे नावही.