घाटात बंद, गॅरेजात चालू

आमच्या पिकअपला एक आजार होता, पण तो फक्त पसरणी घाटातच व्हायचा. वाईत दिवसभर पळवा, गणपती आळीतनं काढा, एमआयडीसीला न्या, काही तक्रार नाही. २००८ चं मॉडेल, आपला मंडप-डेकोरेशनचा धंदा, मागं लोखंडी पाईप, ताडपत्र्या, गाद्या, खुर्च्या आणि सगळ्यात वर बसलेली दोन पोरं. पाचगणीची ऑर्डर असली की टाकी फुल करून निघायचं, गाडी घाटाला लागली की पहिली काही वळणं गुमान घ्यायची आणि मग ॲक्सिलेटर तळाला टेकला तरी जोरच नाही, तिसरा, दुसरा, पहिला, आणि खाली धोम धरणाचं पाणी जिथनं सगळ्यात भारी दिसतं नेमकं तिथं बंद. मागं पुण्याच्या गाड्यांची रांग, त्यातले निम्मे हॉर्न मारतायत आणि निम्मे उतरून फोटो काढतायत. इकडं मोबाईलवर नवरीचा बाप, "आवो हळद लागायची वेळ झाली, तुमचा मंडप कुठाय?" आता काय सांगायचं, मंडप घाटात आहे आणि माकडं बघतायत.

दहा-पंधरा मिनिटं थांबलं, डिझेल चढवायचा हातपंप मारला की गाडी परत चालू, जसं काय झालंच नव्हतं.

घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी येणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतनंच म्हणायचा फिल्टर चोक आहे. जीपवाला म्हणायचा डिझेलमधी पाणी हाय. एकदा एक बुलेटवाले गृहस्थ हेल्मेट काढून धुरावर व्याख्यान देऊन गेले, काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय नाहीतर पाणी जातंय. माहिती अगदी बरोबर होती हो, पण आमची गाडी धूरच सोडत नव्हती. आमच्या पोरानं तेवढ्यात मोबाईलवर रुडॉल्फ डिझेलची माहिती काढली. १८९७ ला जर्मनीत ऑग्सबर्गला त्याचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं आणि १९१३ ला बोटीनं इंग्लंडला जाताना माणूस रातोरात गायब. कोण आत्महत्या म्हणतं, कोण खून म्हणतं. माझा अंदाज, बोटीवर कुणीतरी त्याला गाठून विचारलं असणार, साहेब, गाडी चढालाच का बंद पडते?

मिस्त्रीकडं नेली की मिस्त्री पहिलं काम काय करायचा तर टाकीचं झाकण उघडून आत डिझेल किती आहे ते बघायचा, कारण आमचा काटा कायम अर्ध्यावर. मग झाकण लावून स्टार्टर मारायचा, गाडी एका सेल्फला चालू. रेस करून माझ्याकडं असा बघायचा की मीच काहीतरी नाटक करतोय. "मालक, हिला काय धाड भरलीय? वाघीण हाय."

तरी पण बिल झालंच पाहिजे. डिझेल फिल्टर बदलला. मग म्हणाला लाईन एअर धरतीय. आणि हे पटण्यासारखं होतं, कारण टाकी ते पंप ह्या भागात ओढ असते, तिथं पाईपला चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळं खाली डाग दिसत नाही आणि लीक सापडत नाही. सगळे पाईप, क्लिपा, तांब्याचे वायसर नवीन. परत घाट, परत बंद. मग पंप-नोझलवाल्याकडं पंप खोलून कॅलिब्रेशन, ते बिल बघून बायकोनं नुसतं "बरं" म्हटलं, त्या "बरं"ला मी अजून घाबरतो. दुसऱ्या एका मिस्त्रीनं सांगितलं थर्मोस्टॅट काढून टाका. ह्या लोकांचं थर्मोस्टॅटशी काय वैर आहे कळत नाही, गाडीचा हॉर्न बिघडला तरी म्हणतील थर्मोस्टॅट काढा. आत्यानं लिंबू-मिरची बांधली. खर्चाच्या मानानं तोच इलाज सगळ्यात परवडला.

शेवटी शोध लावला वर बसणाऱ्या पोरातल्या एकानं, ते पण चुकून. गाडी बंद, मी बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि हा मामाकडनं टाकीच्या झाकणाची किल्ली घेऊन डिझेल संपलंय का बघायला गेला. झाकण फिरवलं आणि टाकीनं असा मोठा श्वास घेतला की माकडं पळाली. फुस्सsss. हातपंप मारला, स्टार्टर मारला, गाडी सरळ पाचगणीच्या टपऱ्यांपर्यंत.

झाकण मामानं आणलेलं. मागं कुणीतरी डिझेल चोरलं म्हणून किल्लीचं, डुप्लिकेट, पण गॅरंटीचं. मूळ झाकणाला हवा आत जायला बारीक वाट असते, ह्याला नव्हतीच. डिझेल जेवढं खाली जातंय तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे, नाहीतर पाण्याची बाटली तोंड लावून ओढली की पचकते तशी गत, पंप ओढतोय आणि टाकी सोडत नाही. घाटात लोड असल्यावर डिझेल भराभर जातं म्हणून तिथंच बंद. टाकी फुल म्हणजे वर हवेला जागा कमी, म्हणून आणखी लवकर बंद. थांबलं की हवा कुठनंतरी हळूहळू आत शिरायची, म्हणून चालू. आणि गॅरेजात झाकण उघडूनच तपासणी सुरू, म्हणजे आजार दारातच बरा!

मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. "मी म्हणलोच व्हतो की, हवेचा प्रॉब्लेम हाय." अरे पण तू म्हणत होतास हवा आत जातीय, इथं तर जातच नव्हती! तर म्हणतो हवेचाच ना पण? पंपाच्या पैशाचं विचारलं तर, आता पंप धा वर्सं बघायला नको.

मामा झाकण बदलायला तयार नाही. गॅरंटी आहे म्हणतो. शेवटी मिस्त्रीनंच ड्रिलनं झाकणाला बारीक भोक पाडून दिलं, वर पन्नास रुपये घेतले आणि म्हणाला, "फकस्त पावसाळ्यात जपा, पाचगणीचा पाऊस हाय, भोकातनं पाणी जाईल टाकीत."

"आणि गेलं तर?"

"मग आणा की गाडी. फिल्टर बदलू."