आजींना पाणी कुणी वर्ज्य केलं?

आज राखेचा बुधवार, कॅथलिक चर्चच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस; आज कपाळावर राख लावून घेतात. सकाळच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) राखेच्या रांगेत एक आजी मटकन खाली बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह, वर रक्तदाबाची गोळी. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. "राख घेतल्याशिवाय नाही." रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. गोळीही नाही, कारण गोळी पाण्याबरोबर घ्यावी लागते. आणि आजूबाजूच्या बायका कौतुकानं काय म्हणतात? "बघा, याला म्हणतात श्रद्धा!"

डोकं तडकलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. पोस्ट लांब होणार आहे. ज्यांना उपवासकाळाशी देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

श्रद्धा होतीच त्यांची, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या नियमापायी त्या खाली बसल्या तो नियम चर्चचा नाहीच! राख घेण्यासाठी उपाशी असावं लागत नाही. राख चर्चच्या सात संस्कारांत (बाप्तिस्मा, लग्न वगैरे) मोडत नाही. भरल्या पोटी घ्या, कुमसार (फादरांपाशी पापांची कबुली) राहिलेला असताना घ्या, बाप्तिस्मा न झालेला मित्र सोबत आला तर त्यालाही मिळते. आणखी ऐका: राखेच्या बुधवारी मिस्सेला येणं बंधनकारकसुद्धा नाही. रविवारचं बंधन आहे. तरी रविवारी रिकामे असणारे बाक आज भरतात, कारण आज कपाळावर काहीतरी मिळतं. असो, तो वेगळा राग आहे.

आता खरा नियम. १९८३च्या धर्मविधीसंहितेतलं (चर्चच्या कायद्याच्या पुस्तकातलं) कलम १२५२ अगदी छोटं आहे. उपास कुणाला? अठरा पूर्ण झालेल्यांना, साठावं वर्ष लागेपर्यंत. म्हणजे एकोणसाठाव्या वाढदिवसाला सुटका. आजींची सुटका एकोणीस वर्षांपूर्वी झाली होती आणि एकोणीस वर्षांत एकाही माणसाने त्यांना ते सांगितलं नाही! मांस वर्ज्य करायचा नियम वेगळा, तो चौदा पूर्ण झाल्यापासून लागतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात. उपास म्हणजे किती खायचं, वर्ज्य म्हणजे काय खायचं नाही. शिवाय आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना कुठल्याही वयात उपासाची सक्ती नाही. मधुमेही आजी दोन्ही दारांनी बाहेर पडत होत्या.

उपासाचे सक्तीचे दिवस किती? दोन. आज आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पूर्ण जेवण, शिवाय सकाळी आणि संध्याकाळी थोडं काहीतरी. हे पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली ठरवून दिलं. पाण्याने उपास मोडत नाही, औषधाने मोडत नाही. मांस वर्ज्य म्हणजे प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं मांस. मासे चालतात, अंडी चालतात, दूध चालतं. (मासे चालतात म्हणून त्या दिवशी माशांची मेजवानी झोडणारे महाभाग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. नियम मोडत नाही, बाकी तुमचं तुम्ही बघा.)

मग आजींच्या डोक्यात ते पाणी कुठून शिरलं? यालाही मूळ आहे, आणि ते कळल्यावर माझा राग थोडा दुसरीकडे वळतो. पूर्वी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायचा तर मध्यरात्रीपासून काहीही पोटात जाऊ द्यायचं नाही, पाणीही नाही, असा कडक नियम खरोखरच होता. पोप बारावे पायस यांनी १९५३ साली पाण्याला मोकळीक दिली. १९५७ साली घन अन्नासाठी तीन तास केले. १९६४च्या नोव्हेंबरमध्ये सहाव्या पॉल यांनी ते एका तासावर आणलं. आज कलम ९१९ प्रमाणे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या तासभर आधी खाणंपिणं थांबवायचं, पाणी आणि औषध कधीही चालतं, आणि वृद्ध, आजारी व त्यांची काळजी घेणारे यांना तो एक तासही लागू नाही. आजींना त्यांच्या आईने जे शिकवलं ते त्या आईच्या काळात बरोबर होतं. नियम १९५३ साली बदलला, घरात पोचलाच नाही. मधल्या काळात ख्रिस्तप्रसादाचा नियम राखेलाही चिकटला. न सांगितलेले नियम असेच वाढतात.

त्या बायकांचं मात्र नवल वाटतं. आजचं शुभवर्तमान (मिस्सेतलं बायबलवाचन) कोणतं होतं? मत्तयचा सहावा अध्याय. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका. ते वाचून झालं, त्यावर प्रवचन झालं, आणि दहा मिनिटांत सुकलेल्या ओठांचं जाहीर कौतुक!

राखेचा विषय निघालाच आहे तर त्यातही बोलून घेतो. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) झावळ्यांची करायची. झावळ्या वर्षभर घरात क्रुसामागे असतात, त्या राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी परत मागवायच्या. घाई करणारे काय करतात, तर अर्धवट ओल्या झावळ्या पेटवतात. नुसता धूर होतो आणि खाली तपकिरी कोळसट तुकडे उरतात, ते कपाळावर खरवडतात. पात्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, लहान तुकडे करून धातूच्या भांड्यात उघड्यावर जाळायच्या, पूर्ण थंड झाल्यावर कुटून दोनदा बारीक चाळणीतून काढायच्या. पोतंभर झावळ्यांची वाटीभर राख होते, आणि वाटीभर शेकडो लोकांना पुरते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिकटावी म्हणून राखेत आदल्या रात्री पाणी कालवून ठेवणं. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो, त्याने कातडी भाजते. कपाळावर क्रुसाच्या आकाराचा लाल चट्टा उठतो आणि लोक त्यालाही चमत्कार म्हणायला कमी करत नाहीत! कोरडी ठेवा, नाहीतर तेलाचे दोनचार थेंब टाका. कपाळाला लावलीच पाहिजे असंही नाही, टाळूवर भुरभुरली तरी चालते. महासाथीत, २०२१ साली, रोमने (व्हॅटिकनने) सगळीकडे तशीच करायला सांगितली होती.

गेल्या रविवारी मिस्सेच्या शेवटी सूचना झाल्या. आठ मिनिटं. गायनवृंदाचा सराव किती वाजता, झावळ्या कुठल्या खोक्यात टाकायच्या, दानाची पाकिटं कुठे मिळतील, पोस्टर स्पर्धेचे विषय काय. उपास कुणी करायचा नाही, याबद्दल एक शब्द नाही. "बुधवारी उपास आणि मांस वर्ज्य" एवढंच, आणि पुढची सूचना. त्या एका ओळीचा आजींनी जो अर्थ लावला तो आज जमिनीवर बसलेला दिसला.

बरं, फादरांची बाजू. माणसं कमी, कामं अफाट, आणि सूचना लांबल्या की आपणच कुरकुर करतो. मान्य.

पण मग जे सांगायला नको ते कसं पोचतं? अनेक चर्चमध्ये आज दारातल्या तीर्थकुंड्या रिकाम्या करून त्यात वाळू आणि काटे भरले असतील. दिसायला फार भावपूर्ण. रोमने २००० साली स्पष्ट कळवलंय की पूर्ण उपवासकाळात कुंड्या रिकाम्या ठेवणं बरोबर नाही, पाणी काढायचं ते शेवटच्या पवित्र दिवसांपुरतं. या काळाचा अर्धा अर्थच बाप्तिस्म्याच्या तयारीचा आहे आणि आपण नेमकं पाणीच पळवतो! पाणी पळवण्याची ही हौस कुंडीपासून आजींच्या घशापर्यंत सारखीच.

वेदीवर फुलं नाहीत, हे बहुतेक ठिकाणी पाळतात. वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती, हे गायनवृंदाच्या गळी उतरवता उतरवता उपवासकाळाचा चौथा रविवार उजाडतो, आणि त्या दिवशी दोन्हींना सूट असते. फादरांच्या गुलाबी झग्याचा रविवार तो. आलेलुया हा जयघोष मात्र पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीपर्यंत नाही म्हणजे नाही. १९ मार्चला संत जोसेफचा सोहळा आला की महिमागीत गायचं असतं, त्या भरात कुणीतरी आलेलुयाही उचलतं आणि अर्धं चर्च त्यामागे वाहत जातं. २५ मार्चला, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सोहळ्यालाही तेच. उपवासकाळातल्या शुक्रवारी एरवी मांस वर्ज्य असतं, पण असा सोहळा शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांस वर्ज्य राहत नाही, कलम १२५१ तसंच सांगतं. २०२२ साली २५ मार्च शुक्रवारी होता. किती जणांना कुणी सांगितलं होतं?

रविवार उपासाचा नसतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत) मोजा, शेहेचाळीस दिवस होतात. सहा रविवार वजा केले की चाळीस. (कॅलेंडरातले पंडित सांगतील की उपवासकाळ त्याआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळीच संपतो. बरोबर आहे त्यांचं. पुढे.) स्वतःहून सोडलेली गोष्ट रविवारी घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवलेलं असतं. त्यासाठी दुसऱ्याच्या ताटात डोकावू नका.

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसाकडच्या प्रवासातल्या प्रसंगांपाशी थांबत करायची प्रार्थना. चौदा स्थानं, प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तर पस्तीस मिनिटं. आपल्याकडे सव्वा तास लागतो, कारण प्रत्येक स्थानावर दीड पानाचं चिंतन वाचायचं असतं. चौदा वेळा गुडघे टेकून उठायचं, आणि येणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक साठीपुढचे. क्रूस धरणारा आणि दोन मेणबत्तीवाले फिरले, बाकीचे जागच्या जागी वळले, ज्यांचे गुडघे गेलेत ते बसून राहिले, तरी भक्तीत उणं येत नाही. हे सुरुवातीला एकदा मोठ्याने म्हणा. कुणी म्हणत नाही, म्हणून म्हातारी माणसं बाकाला धरून धडपडत उठतात आणि आपण त्यालाही श्रद्धा म्हणतो. क्रूस पुढच्या स्थानावर पोचायच्या आत वाचकाने सुरुवात करायची नाही. आणि वाद्याशिवाय कडवी गाता गाता सूर उतरत जातो, बाराव्या स्थानावर पुरुषांचेही आवाज तळाला टेकतात. पाचव्या आणि नवव्या स्थानाला कुणीतरी हळूच पेटीवर सूर द्यावा, त्याला मनाई नाही.

कुमसारचा हिशेब तर सगळ्यांनी पाहावा. पवित्र आठवड्यात तीन धर्मगुरू दोन तास बसले तर तीनशे साठ मिनिटं. माणशी पाच मिनिटं धरली तर बहात्तर जण. रांगेत दोनशे. माणशी दोन मिनिटंही येत नाहीत. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात या, कुणी हाकलत नाही. शेवटचा कुमसार कधी झाला ते सांगा, पापं सांगा, गंभीर असेल तर किती वेळा तेही, आणि थांबा. शेजाऱ्याची पापं शेजाऱ्याला सांगू द्या. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी वेगळी खोली ठेवा. जाळीपाशी ते मोठ्याने बोलतात आणि चौथ्या नंबरच्या माणसाला सगळं कळतं. निदान रांग दहा पावलं मागून सुरू करा, त्याला काही खर्च नाही.

बराच लिहीत गेलो. राग आता निवला आहे. आजींचं काय झालं ते राहिलं. एका मुलीने शेजारी जमिनीवर बसून त्यांचा हात धरला, साखरेचं पाणी चमच्याने दिलं. पाचसहा चमचे गेल्यावर त्यांना तरतरी आली. तोवर राख देऊन झाली होती. एक वेदीसेवक धावत जाऊन वाटी घेऊन आला, फादरही आले, तर आजींनी पदर कपाळावर ओढून घेतला. "आता नको. पाणी प्यायले मी." फादरांनी समजावलं, तरी दोन वेळा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा फादरांनी काही न बोलता टाळूवर चिमूटभर राख सोडली.

गुड फ्रायडे यायचाय. त्याच्या आदल्या रविवारी वाचण्यासाठी खालचा मजकूर कुणीही उचलावा, नाव द्यायची गरज नाही:

"येत्या शुक्रवारी उपास आणि मांस वर्ज्य आहे. उपास अठरा पूर्ण झालेल्या आणि एकोणसाठ पूर्ण न झालेल्या निरोगी माणसांसाठी आहे. ज्यांना एकोणसाठ पूर्ण झाली आहेत, जे आजारी आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा बाळाला पाजतात, त्यांना उपासाची सक्ती नाही. त्यांनी वेळेवर जेवावं. औषध सगळ्यांनी घ्यावं. पाणी सगळ्यांनी प्यावं. दुपारच्या उपासनेत ज्यांना गुडघे टेकणं किंवा उभं राहणं जमत नाही त्यांनी बसावं. घरी जी म्हातारी माणसं आहेत त्यांना हे आज जेवताना सांगा."

सावकाश वाचलं तर पाऊण मिनिट लागतं. मी घड्याळ लावून दोनदा पाहिलं.