मशीन किती जुनं ते सोडा, आधी गेलंय काय ते सांगा

वॉशिंग मशीन बंद पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, "किती वर्षं झाली याला?" आकडा आठ-नऊच्या पुढे गेला की निकाल लागलाच. आत नेमकं काय बिघडलंय हे कुणी बघितलेलं नसतं, पण मोबाइलवर नवीन मॉडेल शोधणं सुरू झालेलं असतं.

माझं या बाबतीत मत ठाम आहे: वय दुय्यम. कुठला भाग गेलाय, त्यावर निर्णय घ्यावा.

मशीनमधले बरेच भाग झिजणार आणि बदलावे लागणार, हे गृहीतच धरलेलं असतं. पाणी सोडणारा ड्रेन पंप, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, दाराचं लॉक, दाराभोवतीचं रबर, बेल्ट, मोटरचे कार्बन ब्रश, टॉप लोडमधले टब तोलून धरणारे सस्पेन्शन रॉड. यातलं एखादं गेलं म्हणून अख्खं मशीन काढणाऱ्यांना मी तरी हात जोडतो. बारा वर्षांचं मशीन असलं आणि बाकी सगळं धड असलं, तरी पंप बदलून घ्यावा. पाणी भरत नसेल तर व्हॉल्व्ह बदलण्याआधी नळ बंद करून मागचा पाइप काढा. मशीनच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. क्षार आणि गाळ बसून ती बुजलेली असू शकते, आणि ती साफ करायला मेकॅनिक लागत नाही.

खरी गोम आहे ड्रम ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमध्ये. कपडे पिळताना मशीन विमान उडाल्यासारखं गर्जायला लागलं की संशय तिकडे न्यावा. प्लग काढा, रिकामा ड्रम हाताने फिरवा, खरखर लागते का बघा. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून हलले तर काळजी नाही, ते स्प्रिंगवर टांगलेलेच असतात. ड्रम एकटाच टबच्या आत खुळखुळला, तर बेअरिंग तरी गेलंय किंवा ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा स्पायडर तरी. होतं असं की शाफ्टवरचं रबरी सील झिजतं, पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज चढतो. स्पायडर बहुतेकदा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. स्टीलच्या ड्रमला चिकटून, ओलाव्यात आणि साबणाच्या थरात राहून तो हळूहळू खाल्ला जातो. (साबण जास्त घातला की कपडे जास्त स्वच्छ निघतात असं मानणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

आता माझा राग. बेअरिंग ही काही दुर्मीळ वस्तू नाही. 6205, 6206 असे प्रमाणित आकार बऱ्याच मशीनमध्ये असतात, स्वस्तही असतात. महाग पडते ती मजुरी, कारण मशीन जवळजवळ पूर्ण उतरवावं लागतं. तेही एक वेळ समजू शकतो. पण बऱ्याच मॉडेलमध्ये प्लास्टिकच्या बाहेरच्या टबाचे दोन भाग स्क्रूने न जोडता वितळवून कायमचे चिकटवलेले असतात. म्हणजे छोट्याशा बेअरिंगसाठी टब आणि ड्रम मिळून सगळा संच घ्या! युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून वॉशिंग मशीनचे सुटे भाग किमान 10 वर्षं उपलब्ध ठेवायचं बंधन घातलं. चांगलंच केलं. पण त्या यादीत ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग "सुटे किंवा एकत्र" दिले तरी चालतील अशी सोय आहे. पळवाट नेमकी तिथेच, जिथे माणूस कंटाळून नवीन मशीन घेतो.

तेव्हा टब उघडणारा असेल आणि बेअरिंग गेलं असेल तर दुरुस्त करा. चिकटवलेला असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर मशीनला निरोप द्या, मनाला लावून घेऊ नका. टबालाच तडा गेला असेल किंवा खालची बॉडी गंजून पोखरली असेल, तरीही तेच.

"बोर्ड गेलाय" (म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) हे वाक्य ऐकलं तर मात्र लगेच मान डोलवू नका. कसं तपासलं, असं विचारा. कधी नुसता कनेक्टर सैल असतो, कधी उंदराने वायर कुरतडलेली असते. बोर्डच गेला असला तरी त्यावरचा एखादा रिले किंवा कपॅसिटर बदलून काम भागू शकतं, फक्त तसं करणारा माणूस शोधावा लागतो.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्या, असा एक नियम सांगतात. ढोबळ अंदाजाला ठीक आहे. पण या दुरुस्तीनंतर पुढे काय जाऊ शकतं, हे त्या नियमाला कळत नाही. आणि गेल्या वर्षी या मशीनवर केलेला खर्च आजच्या हिशेबात धरू नका, तो पैसा गेला.

"नवीन मशीन वीज वाचवतं" हाही दुकानातला आवडता मुद्दा. गरम पाण्याच्या धुण्यात सर्वात जास्त वीज पाणी तापवण्यात जाते. तुम्ही गार पाण्यातच धूत असाल, तर वाचून वाचणार किती? टॉप लोड सोडून फ्रंट लोड घेतलं तर पाणी कमी लागतं, हे मात्र खरं.

मशीनला हात लावल्यावर शॉक बसत असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. वापर तिथल्या तिथे थांबवा आणि अर्थिंग तपासून घ्या.

आणि तुमचं फ्रंट लोड आत्ता या क्षणी पाणी सोडत नसेल, तर कुणालाही फोन करण्याआधी प्लग काढून खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडा. बहुतेक मॉडेलमध्ये पंपाचा फिल्टर तिथेच असतो. नाणी, पिना, कधी अख्खा मोजाही निघतो. आतलं पाणी गरम असेल तर गार होऊ द्या, आणि फिल्टर फिरवण्याआधी खाली पसरट भांडं ठेवा, नाहीतर अडकलेलं सगळं पाणी भसकन पायावर येतं.